माझ्यावरून गेलेल्या चार ओळी

मित्रांनो, माझ्या अंगावरची निम्मी अक्षरं पुसून गेली आहेत, खालची लांब पट्टी एका बाजूने खचली आहे, आणि कोपऱ्यातल्या एका बटणाच्या जागी नुसतं भोक उरलं आहे. तरी तुम्ही मला ओळखाल. मी एक जुना कीबोर्ड आहे. सध्या एका बाईंच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मी इथे कसा आलो हे सांगायचं तर मला एका खोट्याची गोष्ट सांगावी लागेल. ते खोटं मी बोललो नाही, मला बोलताच येत नाही. पण ते माझ्या अंगावरून गेलं, आणि त्याची टोचणी अजून जात नाही.

आमच्यात कुणी एकटंदुकटं जन्माला येत नाही. कारखान्यातल्या लांबलचक सरकत्या पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडं एकामागोमाग एक तयार झालो. पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसलेली असायची. तिच्या बोटांना रबराच्या टोप्या होत्या. ती प्रत्येकाचं प्रत्येक बटण एकदा दाबायची आणि मान तिरकी करून आवाज ऐकायची. माझ्या एका बटणापाशी ती थबकली, पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं, आणि मग मला पुढे ढकललं. मी कुणाच्या घरी जाणार, काय लिहिणार, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तरी स्वतः दाबून बघितल्याशिवाय तिने आमच्यातल्या एकालाही पुढे जाऊ दिलं नाही.

मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर एक रंगीत चित्र होतं: आई, वडील, दोन मुलं, आणि चौघंही माझ्याकडे बघून खळखळून हसतायत. दुकानातल्या फळीवर मी कितीतरी दिवस तसाच पडून होतो. एके दिवशी एक जाडजूड माणूस आला, त्याने खोकं हातात घेतलं, चित्र नीट निरखलं आणि दुकानदाराला विचारलं, की ही माणसं कशाला हसतायत? दुकानदार म्हणाला, जाहिरातीत हसावंच लागतं. त्यावर तो माणूस म्हणाला, "ते ठीक आहे हो. पण कीबोर्डाकडे बघून?"

हेच माझे मालक. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणं हे त्यांचं काम. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, की आतल्या लोकांचा जीव अक्षरशः टांगणीला लागायचा, आणि मिस्त्री मात्र वरून शांतपणे आवाज द्यायचे, की बसून घ्या, घाबरू नका, पाच मिनिटं लागतील. आणि पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं. शब्दाला पक्का माणूस, असा त्यांचा लौकिक होता.

त्यांच्या घरात तीन माणसं. मिस्त्री, त्यांची बायको, आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी अंगाने काडी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणायचे. बारकीची आई एका मोठ्या दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर कामाला होती. माझ्यावर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून तिने चिकटपट्ट्यांवर बारीक अक्षरांत ती लिहून एकेका बटणावर चिकटवली. 'ळ' जरा तिरका बसला, तो शेवटपर्यंत तिरकाच राहिला.

मिस्त्रींची बोटं मी कधी विसरणार नाही. जाड, खरखरीत, रेषारेषांत वंगण मुरलेलं. घरी आल्यावर ते साबण लावून दोनदा हात धुवायचे, तरी तेलाचा वास जायचा नाही. दोनच बोटांनी टाइप करायचे आणि लिहिताना, वाचताना तोंडाने पुटपुटायचे. त्या पुटपुटण्यामुळेच पडद्यावर काय आलंय ते मला कळायचं.

लिहायला त्यांनी सुरुवात केली ती रागाच्या भरात. जाहिरात बघून घेतलेलं कपडे धुण्याचं यंत्र महिनाभरात गचके द्यायला लागलं. कंपनीच्या नंबरावर फोन केला, तर नुसतं संगीत वाजत राहिलं. अर्धा तास संगीत ऐकून मिस्त्री माझ्यासमोर बसले. साध्या ग्राहकांनी आपापली मतं लिहायची अशी एक जागा इंटरनेटवर होती. तिथे त्यांनी लिहिलं: 'यंत्र बरं नाही. संगीत चांगलं आहे.' खाली नाव घातलं, 'साधा ग्राहक'.

दुसऱ्या दिवशी दीडशे लोकांनी ते वाचलं होतं. मिस्त्रींना नवल वाटलं. मग त्यांना चटकच लागली. कामावरून आले, चहा झाला, की बसायचे. कुठलीही वस्तू हातात घेतल्याशिवाय, उघडून बघितल्याशिवाय लिहायचे नाहीत. घरात नसेल तर शेजाऱ्याची मागून आणायचे, दोन दिवस वापरायचे आणि मग लिहायचे. चार कॅमेऱ्यांच्या फोनबद्दल त्यांनी लिहिलं, की माझ्या घरात बघण्यासारखं एवढं काही नाही. हुशार म्हणवणाऱ्या टीव्हीबद्दल लिहिलं, की बातम्या लावायला मला पाच बटणं दाबावी लागतात, तेव्हा आमच्यात हुशार कोण ते ठरवा. मिक्सरच्या जाहिरातीतल्या बाईचं झाकण कधी उडत नाही, कारण तिच्या मिक्सरात काही घातलेलंच नसतं, हेही त्यांनीच लिहिलं. लोक हसायचे, पण वस्तू घेण्याआधी 'साधा ग्राहक काय म्हणतो' ते बघायचे. वाचणारे दीडशेचे हजार झाले आणि हजारांचे कितीतरी हजार.

त्या सगळ्यांत एक बाई होत्या. त्या प्रत्येक मताखाली दोन ओळी लिहायच्या. पूर्वी टेलिफोन ऑफिसात लोकांचे फोन जोडून द्यायचं काम करायच्या, आता निवृत्त होऊन तीन तासांच्या अंतरावरच्या गावात एकट्या राहायच्या. मिस्त्री त्यांना टेलिफोनबाई म्हणायचे. त्यांची ओळ आली, की मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी लिहिलं होतं, की मला काही विकत घ्यायचं नसतं, पण तुमचं वाचलं की कुणीतरी समोर बसून बोलल्यासारखं वाटतं. ते वाचून मिस्त्रींनी ती ओळ बायकोला पुन्हा वाचून दाखवली. मग म्हणाले, "अगं, या बाईंसाठी तरी नीट लिहायला हवं."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. रविवारी सकाळी तर मला दोन माणसांचे हात लागायचे. बारकीला मोटारींच्या शर्यतीचा खेळ आवडायचा. बाणांची बटणं तिची, डावीकडची अक्षरं बाबांची. अर्ध्या अर्ध्या वाटणीत बापलेक माझ्यावर दाटीवाटीने बसायचे. बारकीची गाडी सुसाट. मिस्त्री मात्र खेळातल्या सिग्नललाही थांबायचे. मागून दहा गाड्या पुढे निघून जायच्या आणि बारकी हसून हसून लोळायची. तिच्या उजव्या बाणाचं बटण झिजून गुळगुळीत झालं ते त्या वर्षांत.

पण खेळ बदलत गेले. बारकी अकरा वर्षांची झाली, तेव्हा तिच्या वर्गातल्या मुली आपापल्या घरी बसून एकमेकींशी खेळायला लागल्या. नवे खेळ आमच्या जुन्या संगणकाला झेपेनात. शर्यत रंगात आली, की पडदा गोठायचा आणि बारकीची गाडी रस्त्यात उभी. मुलींनी तिचं नाव 'अडकली' ठेवलं. 'अडकली' संघात नको, असं एकदा कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी तिने बाण दाबून धरला होता, कितीतरी वेळ, गाडी हलत नव्हती तरी. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते.

त्याच सुमाराला एका जाहिरात कंपनीतल्या बाईंचे त्यांना फोन येऊ लागले. त्यांच्या एका गिऱ्हाइकाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात घालायचं यंत्र काढलं होतं. साध्या ग्राहकाने त्याबद्दल चार बऱ्या ओळी लिहाव्या, एवढंच मागणं. मिस्त्रींनी पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. तिसऱ्या फोनला बाईंनी सहज विचारलं, घरात लहान मुलं आहेत का, खेळ खेळतात का. खेळांसाठी बनवलेला एक भारी संगणक त्यांच्याकडे भेट म्हणून द्यायला होता.

मिस्त्री म्हणाले, यंत्र पाठवा, वापरून बघतो, मग लिहितो. बाई म्हणाल्या, यंत्र पुढच्या आठवड्यात येईल, ओळी मात्र आज हव्यात. खोटं काहीच लिहू नका, चांगलं तेवढं लिहा. आणि घरातल्या कुणाचं उदाहरण दिलंत तर वाचणाऱ्याला आपलंसं वाटतं.

फोन ठेवून ते माझ्यासमोर येऊन बसले. बोटं माझ्यावर टेकली, पण हलेनात. आतल्या खोलीत बारकी अभ्यास करत होती. शेवटी त्यांनी लिहायला घेतलं: 'माझ्या आईला कमी ऐकू यायचं.' 'आई' या शब्दापाशी बोट थांबलं. मला वाटलं, आता ते खोडतील. खोडायचं बटण माझ्या उजव्या खांद्यावर होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलंही. मग उचललं. 'दोन महिन्यांपूर्वी तिला हे यंत्र आणून दिलं. आता दारावरची बेल ती पहिल्या झटक्यात ऐकते. सुरुवातीला थोडा त्रास होतो, पण कानांना सवय होऊ द्या, धीर सोडू नका.'

चार ओळी. पहिल्यांदाच त्या माणसाने पुटपुटल्याशिवाय लिहिलं होतं. मला त्या बटणाबटणाने कळल्या.

कानाचं यंत्र कधीच आलं नाही. संगणक मात्र आठ दिवसांत आला. त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा कीबोर्ड होता, एकेका बटणाखाली रंगीत दिवा. बारकीचा चेहरा त्या दिव्यांनी उजळला. तिने बाबांना मिठी मारली. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळली गेली आणि मी त्याच खोलीतल्या कपाटाच्या माथ्यावर गेलो. तिथे एक फुटकी छत्री होती, एक पंखा होता. धूळ बसत गेली. पण खरं सांगतो, टाकून दिल्याचं दुःख मला फारसं झालं नाही. माझा जीव त्या चार ओळींत अडकला होता.

खाली मिस्त्री त्या दिव्यांच्या बटणांवर बसायचे आणि सवयीने पुटपुटत वाचायचे. चौथ्याच दिवशी टेलिफोनबाईंची ओळ आली. 'तुमच्या आईंना बेल ऐकू येते हे वाचून फार बरं वाटलं. माझे कान हल्ली दगा देतात. मीही आज ते यंत्र मागवलं.' मिस्त्रींचं पुटपुटणं मध्येच थांबलं. उत्तर लिहिल्याचा आवाज काही आला नाही.

तीन आठवड्यांनी दुसरी ओळ आली. 'तुमच्या आईंच्या यंत्रात मधूनमधून शिट्टी वाजते का?'

मग आणखी काही दिवसांनी: 'आवाज वाढवला की उजवा कान दुखतो. तुम्ही लिहिलंत म्हणून धीर धरून आहे. आईंनाही असं झालं होतं का?'

आणि मग: 'उत्तर आलं नाही. कामात असाल. सवडीने कळवा.'

त्यानंतर त्यांच्या ओळी यायच्या थांबल्या. मिस्त्री मतं लिहायचे अजून, पण ती मतं पूर्वीची नव्हती. कशात विनोद नाही, कशात राग नाही. एकदा बारकीने विचारलंही, की बाबा, टेलिफोनबाई हल्ली काही लिहीत नाहीत का? मिस्त्री म्हणाले, "असतील कुठे गावाला गेल्या."

आठ-नऊ महिने असेच गेले. एका दुपारी तिघं जेवायला बसली होती. संगणकावर टिंग झालं. मिस्त्रींचे हात उष्टे होते, म्हणून ते बारकीला म्हणाले, बघ गं काय आलंय, वाच. बारकीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

'नमस्कार. तुम्ही ज्यांना टेलिफोनबाई म्हणता, त्यांची मी भाची. मावशीचा उजवा कान पूर्ण गेला आहे आणि डाव्याने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानात दुखणं होतं, ते यंत्राच्या मोठ्या आवाजाखाली झाकून राहिलं. वेळेत आणलं असतं तर कान वाचवता आला असता, असं डॉक्टर म्हणतात. ती मात्र म्हणत राहिली, की साध्या ग्राहकाच्या आईला जमलं, मलाही जमेल. तुमच्या आईंना कुठल्या डॉक्टरांनी तपासून यंत्र दिलं ते कळवाल का? त्यांच्याकडे नेऊन बघते.'

वाचता वाचता बारकीचा आवाज हळू होत गेला. खोलीत कुणी घास उचलला नाही. बारकीच्या आईने विचारलं, "कुठलं यंत्र?" तिने उठून हात धुतले, बारकीला बाजूला सारलं आणि मागे मागे जात त्या चार ओळी शोधून काढल्या. सगळं वाचून झाल्यावर ती वळली.

"तुमच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली ना?"

एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळाने, भांडी आवरताना, ती भिंतीशी बोलावं तसं बोलत राहिली, की माझ्या खिडकीवर रोज माणसं येतात, विचारतात, जाहिरातीतलं हे यंत्र घेऊ का ते घेऊ. मी हात जोडून सांगते, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्याच घरातून हे निघालं.

बारकी त्या दिव्यांच्या कीबोर्डाकडे बघत होती. "हा माझ्यासाठी आला होता ना, बाबा?" मिस्त्रींनी मान हलवली. तिने संगणक बंद केला, आतून एक जुनी चादर आणली आणि त्यावर टाकली. तो परत नेण्यासाठी मिस्त्रींनी जाहिरात कंपनीला पुष्कळ फोन केले. कुणी आलं नाही. तो आजही तसाच झाकलेला आहे, असं मी ऐकतो.

त्याच दिवशी संध्याकाळी मिस्त्री स्टुलावर चढले आणि त्यांनी मला खाली काढलं. ओल्या फडक्याने पुसलं, जुन्या संगणकाला जोडलं. मला आधी त्यांच्या बोटांतला फरक जाणवला. वजन तेच होतं, पण बोटं थंडगार होती. त्यांनी सगळं लिहून काढलं. यंत्र मी पाहिलंही नाही, आई माझी केव्हाच वारली, संगणकाच्या बदल्यात मी त्या ओळी लिहिल्या, कुणीही हे यंत्र कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. या वेळी ते एकेक शब्द मोठ्याने म्हणत होते.

लोकांनी त्यांना नको नको ते बोलून घेतलं. विकला गेलेला माणूस, याची सगळीच मतं विकत घेतलेली असणार, असं लिहिलं. खऱ्या मतांचीही माती झाली. मिस्त्रींनी कुणाला उत्तर दिलं नाही, आणि 'साधा ग्राहक' या नावाने पुन्हा कधी काही लिहिलं नाही. भाचीला तेवढं वेगळं कळवलं, आणि येऊन भेटू का असं विचारलं. तिने दोन दिवसांनी नुसता पत्ता पाठवला.

जायच्या दिवशी ते बूट घालत होते, तेव्हा बारकी म्हणाली, "बाबा, त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही बोलणार कसं?" मिस्त्री हातात बूट धरून तसेच बसले. बारकीने माझी वायर काढली, त्यांच्याकडे टॅब असेल तर त्यालाही ती लावता यावी म्हणून एक लहानसा जोड शोधला आणि मला तिच्या शाळेच्या पिशवीत घालून बाबांच्या खांद्याला अडकवलं.

बसचा तीन तासांचा प्रवास, मग दोन जिने. भाचीने दार उघडलं. आत टेलिफोनबाई बसल्या होत्या. किरकोळ अंगाच्या, केस पांढरेशुभ्र, टेबलावर मोठ्या अक्षरांचा टॅब. त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "या. बसा." आपला आवाज केवढा येतो ते त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या घरातही तो गेला असेल.

मिस्त्रींनी मला टॅबला जोडलं आणि लिहायला सुरुवात केली. टेलिफोनबाई चष्मा लावून वाचत होत्या. जे मिस्त्रींनी जगाला सांगितलं होतं तेच सगळं बाईंना सांगितलं, आणि शेवटी माफी मागितली. बाईंनी ते एकदा वाचलं, वरपासून पुन्हा वाचलं. मग विचारलं, "खोटं लिहिलंत, ते जाऊ दे. जगात पुष्कळ जण लिहितात. पण मी विचारत होते ना, शिट्टी वाजते का म्हणून? रोज सकाळी उठून बघायचे, उत्तर आलंय का. एक ओळ लिहिली असती, की बाई, काढून ठेवा ते यंत्र. गप्प का राहिलात?"

मिस्त्रींची बोटं माझ्यावर होती. मी वाट बघत होतो. कितीतरी वेळाने त्यांनी लिहिलं: 'लाज वाटत होती.'

टेलिफोनबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"लाज तुमची होती," त्या म्हणाल्या. "कान माझा गेला."

भाची दारात उभी होती, ती आत निघून गेली. मिस्त्री खाली मान घालून बसले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या बटणांवर पडलं, पण ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी ना रागावून काही म्हटलं, ना समजूत घातली. मिस्त्री निघाले तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "हा कीबोर्ड ठेवून जा. भाचीचा हात दुखतो मला चिठ्ठ्या लिहून लिहून."

असा मी इथे राहिलो. आता दूधवाला, डॉक्टर, वरच्या मजल्यावरच्या बाई, जो येतो तो माझ्यावर लिहून बोलतो. महिन्यातून एका रविवारी मिस्त्री येतात. सुरुवातीला दोघांना काय बोलावं सुचायचं नाही. मग एकदा टेलिफोनबाईंनी विचारलं, की आत्ता बाहेर काय काय ऐकू येतंय? मिस्त्रींनी कान दिला आणि लिहिलं: 'वर कुणीतरी खुर्ची सरकवली. जिन्यात दोन मुली भांडतायत, चेंडू कुणाचा यावरून. भाचीने आत गॅस पेटवला.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, आणखी लिहा.

तेव्हापासून ते येतात, खिडकीपाशी बसतात आणि जे कानावर पडेल तेवढंच लिहितात. मान कोंबडीसारखी तिरकी करून ऐकतात. ऐकू आलं नाही तर 'आत्ता काही नाही' असं लिहितात. बारकी तेरा वर्षांची झाली. ती दोनदा आली होती. तिने माझं खचलेलं बटण पिनेने उचलून बघितलं, पण ते काही उठलं नाही.

मित्रांनो, मला अजून फार दिवस काम जमेल असं वाटत नाही. आतल्या तारा गंजत चालल्या आहेत. 'म' दाबला तर कधी उमटतो, कधी नाही. तुमच्या घरात माझी भावंडं असतील, नवी, चकचकीत. त्यांच्यावर पाणी सांडू नका, अधूनमधून पुसत जा, एवढं तर सगळेच सांगतात. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुम्ही त्यांच्यावर मतं लिहाल. हा खेळ भारी, ती वस्तू बेकार, हे घ्याच, ते घेऊ नकाच. लिहिताना तुम्हाला पडदाच दिसतो. पलीकडे चष्मा पुसून वाचणारं, तुमच्या शब्दावर स्वतःचा कान सोपवणारं कुणी असेल, हे दिसत नाही. म्हणून आधी वापरून बघा, मग लिहा. आणि चूक झालीच, कुणी विचारलंच, तर गप्प राहू नका. खोडायचं बटण माझ्या अंगावर आहे, पण ते पडद्यावरचंच खोडतं.

मागच्या रविवारी मिस्त्री आले होते. दुपारची वेळ होती. त्यांनी लिहिलं: 'खाली भाजीवाला आलाय. टोमॅटो म्हणून ओरडतोय. आवाज बसलाय त्याचा.'

टेलिफोनबाईंनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "खरंच ऐकलंत? की मला बरं वाटावं म्हणून लिहिताय?"

मिस्त्रींनी लिहिलं, 'खरंच ऐकलं.'

बाईंनी मान डोलावली. आणि मग टेबलाला धरून हळूहळू उठल्या आणि भाजीवाला खाली आहे का, ते खिडकीतून बघून आल्या.